गुरुजींच्या नावाचा विमानतळ

पौषातली पहाट आठवा. अंघोळ करून डोक्याला तेल लावावे म्हणून आपण खोबरेलाची बाटली उपडी करतो. एक थेंब पडेल तर शपथ! तेल गोठून पांढरे झालेले असते. मग आपण बाटली चुलीच्या उबेला ठेवतो. घटकाभरात तेल पातळ होते आणि काम भागते.

आपल्याकडे ही थंडी चार दिवसांची. पण जगाच्या पाठीवर असा एक मुलूख आहे, की तिथे सहा-सहा महिने बर्फ हलत नाही. तिथे डोक्याचे तेल तर सोडाच, यंत्राचे तेलसुद्धा काकवीसारखे घट्ट होते. अशा मुलखात विमाने उडवायची कशी? ती सुरुवातीच्या काळात कोणी उडविली? आणि तिथल्या लष्करी विमानतळाला एका शाळामास्तराचे नाव कसे पडले? ही हकिगत आज आपण वाचू.

१. बर्फाचा मुलूख

शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर तो समोर घ्या. उत्तरेच्या टोकाजवळ, अमेरिका खंडाच्या डाव्या कोपऱ्यात अलास्का हा प्रांत आहे. पूर्वी तो रशियाचा होता. १८६७ साली अमेरिकेने तो ७२ लाख डॉलरना विकत घेतला. आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट तो मोठा आहे. पण माणसे किती? साडेसात लाखांपेक्षाही कमी. समोरच, समुद्राच्या सुमारे ८५ किलोमीटर रुंद पट्ट्यापलीकडे, रशियाचा सैबेरिया प्रांत लागतो.

अलास्काच्या मध्यभागी फेअरबँक्स नावाचे गाव आहे. १९०२ साली त्या भागात सोने सापडले आणि हे गाव वसले. हिवाळ्यात तिथे सूर्य चार तासही दिसत नाही. उन्हाळ्यात मात्र जवळजवळ बावीस तास मावळत नाही.

थंडी किती म्हणाल, तर ऐका. पाणी शून्य अंशाला गोठते. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात साधारण शून्याखाली १८ अंश थंडी असते. फेअरबँक्सला हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली ४० अंशांपर्यंत, त्याच्याही खाली जातो. म्हणजे तिथल्या माणसाने फ्रीजच्या कप्प्यात हात घातला, तर त्याला तिथे ऊबच वाटेल!

२. बेन गुरुजी

या गावात १९२२ साली एक तरुण शिक्षक आला. त्याचे नाव कार्ल बेन आयल्सन. लोक त्याला बेन म्हणत. १८९७ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा प्रांतात, हॅटन नावाच्या लहानशा गावी त्याचा जन्म झाला होता. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो सैन्यात विमान चालवायला शिकला. पण त्याला लढाईवर पाठविण्याआधीच युद्ध संपले. मग पोटासाठी त्याने मास्तरकी धरली.

बेन वर्गात मुलांना शिकवी, पण त्याचे मन आकाशात असे. गावातल्या वजनदार लोकांना तो सांगे, "इथे रस्ते नाहीत. नद्या गोठतात. इथे विमानाशिवाय तरणोपाय नाही." लोकांना ते पटले. काहींनी भांडवल घातले. १९२३ साली एक विमान आले आणि गुरुजी वैमानिक झाले.

त्या काळी अलास्कात टपाल कसे जाई? कुत्र्यांच्या गाडीने. या गाडीला चाके नसतात. लाकडी पट्ट्यांवर ती बर्फावरून घसरते आणि आठ-दहा कुत्री ती ओढतात. फेअरबँक्सहून मॅकग्राथ हे गाव सुमारे साडेचारशे किलोमीटर. कुत्र्यांच्या गाडीला तिथे पोचायला अठरा-वीस दिवस लागत. वाटेत वादळ झाले तर त्याहून जास्त.

बेनने टपाल खात्याला गळ घातली. खात्याने त्याला एक विमान दिले. विमानाच्या चाकांच्या जागी बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या बसविल्या. २१ फेब्रुवारी १९२४ रोजी सकाळी बेन निघाला. विमानाला वर छत नव्हते. बोचरे वारे थेट तोंडावर येत होते. अंगावर केसाळ कातड्याचे जाड कपडे होते. बरोबर सुमारे ७४ किलो टपाल होते, म्हणजे आपल्या जुन्या मापाने दोन मण.

किती वेळ लागला असेल? दोन तास पन्नास मिनिटे! वीस दिवसांची वाट तीन तासांच्या आत सरली. अलास्कातले हे पहिले विमानाचे टपाल.

परतताना मात्र अंधार पडला. खाली सगळीकडे सारखे बर्फ, त्यामुळे वाट चुकली. गावकऱ्यांनी मैदानात शेकोट्या पेटविल्या होत्या. त्यांच्या उजेडाच्या आधारे बेन खाली उतरला. उतरताना विमानाची मोडतोड झाली, पण तो बचावला. पुढे त्याच वर्षी आणखी अपघात झाले आणि टपालाचा हा करार थांबला. पण एक गोष्ट सिद्ध झाली. बर्फाच्या मुलखात विमान चालते.

वाचकहो, पत्राची किंमत आम्ही तुम्हाला काय सांगावी? दूरदेशी गेलेल्या मुलाचे चार ओळींचे कार्ड यायला वीस दिवस लागावेत, का एकच सकाळ? ज्याची वाट पाहणारे कोणी आहे, त्याला हे चटकन कळेल.

३. आधी तेल, मग आपली भाकरी

आता पुन्हा आपल्या तेलाच्या बाटलीकडे येऊ.

इंजिन बंद पडले की थंडीत त्यातले तेल घट्ट होते. सकाळी ते फिरत नाही. जोर केला तर यंत्र मोडते. मग अलास्कातल्या त्या जुन्या वैमानिकांनी काय युक्ती काढली? विमान उतरले रे उतरले, की ते तेल गरम असतानाच डब्यात काढून घेत. डबा घरात, शेगडीपाशी ठेवीत. सकाळी इंजिनावर जाड कापडाची झूल टाकीत आणि तिच्याखाली शेगडी पेटवून इंजिन शेकीत. कापडाला आग लागू नये म्हणून एक माणूस तिथून हलत नसे. मग चुलीवर तापविलेले तेल इंजिनात ओतीत, आणि यंत्र सुरू होई.

वैमानिक कितीही दमलेला, भुकेला असो, आधी तेल काढायचे आणि मग स्वतःच्या भाकरीकडे वळायचे. आपल्याकडेही चांगला शेतकरी औत सोडल्यावर आधी बैलांना वैरण-पाणी करतो, मग आपण जेवतो. गोष्ट तीच.

थंडी चुकीला माफी देत नाही, हे बेनला पुरते ठाऊक होते. १९२७ साली तो ह्यूबर्ट विल्किन्स या संशोधकाबरोबर उत्तर समुद्रावर गेला होता. विमान बर्फावर उतरवावे लागले. दोघे कित्येक दिवस बर्फावरून चालत माणसांत आले. हिमदंशाने बेनचे एक बोट गेले. पण पुढल्याच वर्षी, १९२८ च्या एप्रिलमध्ये, हीच जोडी पुन्हा निघाली. अलास्काच्या उत्तर टोकापासून, गोठलेल्या समुद्रावरून, युरोपच्या उत्तरेकडील स्पिट्सबर्गन बेटांपर्यंत ते एका दमात उडाले. सुमारे ३,५०० किलोमीटरची ही वाट. ती त्यांनी साडेवीस तासांच्या आत कापली. शेवटी वादळ उठले, म्हणून ते एका ओसाड बेटावर उतरले आणि पाच दिवस तिथेच अडकून पडले. जगभर त्यांचे नाव झाले.

४. बेन परत आला नाही

१९२९ च्या हिवाळ्यात 'नानुक' नावाचे एक व्यापारी जहाज सैबेरियाच्या किनाऱ्यापाशी बर्फात अडकले. जहाजावर माणसे होती, आणि मोलाची केसाळ कातडी होती. ती माणसे आणि माल विमानाने आणायचे काम बेनने अंगावर घेतले. एक खेप नीट पार पडली. ९ नोव्हेंबर रोजी बेन आणि त्याचा मिस्त्री अर्ल बोरलँड दुसऱ्या खेपेसाठी निघाले. वाटेत वादळाने गाठले. विमान जहाजापर्यंत पोचलेच नाही.

शोध सुरू झाला. दिवस लहान, थंडी जीवघेणी. तरी वैमानिक रोज बाहेर पडत होते. अमेरिकेचे आणि सोव्हिएत रशियाचेही वैमानिक शोधात होते. १९३० च्या जानेवारीत बर्फातून वर आलेला पंख दिसला. पुढल्या महिन्यात दोघांची प्रेते सापडली. बेनचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

आम्हाला इथे एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. बेनबरोबर बोरलँडही गेला. वैमानिकाचे नाव सगळे घेतात. मिस्त्रीचे नाव फार थोडे लोक घेतात. पण मिस्त्री नसता तर विमान उडाले असते का?

५. सव्वीस मैलांवरचा तळ

पुढे दुसरे महायुद्ध आले. थंडीत विमाने कशी चालतात हे तपासण्यासाठी अमेरिकेच्या सैन्याने १९४० साली फेअरबँक्सजवळ लॅड फील्ड नावाचा तळ सुरू केला होता. कुठले तेल चांगले, कुठले रबर टिकते, माणसाने कपडे कसे घालावेत, या सगळ्याची परीक्षा तिथे होई.

हे ज्ञान लवकरच कामी आले. त्या वेळी रशिया जर्मनीशी लढत होता आणि त्याला विमानांची निकड होती. अमेरिकेचे वैमानिक नवी विमाने लॅड फील्डपर्यंत आणीत. तिथून रशियाचे वैमानिक ती ताब्यात घेऊन सैबेरियामार्गे आपल्या देशात नेत. विमानांवर लाल तारा काढलेला असे. १९४२ ते १९४५ या काळात सुमारे ८,००० विमाने या वाटेने गेली. त्यांत ए-२० नावाची हल्ल्याची विमानेही पुष्कळ होती. बेनला शोधायला ज्या दोन देशांचे लोक निघाले होते, ते त्याच आकाशात पुन्हा एकत्र आले.

लॅड फील्डला जोड म्हणून १९४३ साली, फेअरबँक्सपासून २६ मैलांवर, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटरवर, आणखी एक तळ बांधायला घेतला. त्याला नावही साधेच होते, 'सव्वीस मैलांचा तळ'. युद्ध संपल्यावर १९४८ साली त्याचे नाव बदलले. अमेरिकेच्या हवाई दलाने त्याला बेन गुरुजींचे नाव दिले. तोच हा आयल्सन विमानतळ. त्याची धावपट्टी चार किलोमीटरहून अधिक लांब आहे.

६. रानडुक्कर नावाचे विमान

या तळावर अनेक जातींची विमाने येऊन गेली. त्यांतल्या एकाची ओळख आपण करून घेऊ. त्याचे नाव ए-१०. शिपाई त्याला लाडाने 'रानडुक्कर' म्हणतात, कारण ते दिसायला ओबडधोबड आहे, पण धडक जबर.

लष्करी विमाने सगळी एक नसतात. काही विमाने आकाशात दुसऱ्या विमानांशी झुंजतात. काही खूप उंचावरून बाँब टाकतात. हल्ल्याचे विमान निराळे. ते जमिनीलगत, संथपणे उडते. खाली आपले पायदळ अडचणीत असेल तर त्याच्या समोरच्या रणगाड्यांवर आणि तोफांवर ते मारा करते. म्हणजे पायदळाचा हा वरून आलेला पाठीराखा.

ए-१० पहिल्याने १९७२ साली उडाले. त्याची घडण पाहण्याजोगी आहे.

त्याच्या नाकात सात नळ्यांची प्रचंड तोफ आहे. दारूगोळ्याच्या पिंपासकट ती सहा मीटरच्या आसपास लांब भरते. आधी तोफ ठरविली आणि मग तिच्याभोवती विमान बांधले, असे म्हणतात ते खोटे नाही. तिचा वेग मिनिटाला ३,९०० गोळ्यांचा. पण विमानात गोळे मावतात ११७४. हिशेब करून पाहा. एकसारखी चालविली तर अठरा सेकंदांत तोफ रिकामी! म्हणून वैमानिक एक-दोन सेकंदच मारा करतो आणि थांबतो.

वैमानिक जिथे बसतो तिथे टिटॅनियम या कणखर धातूचे एक टोपले केले आहे. त्याचे वजन सुमारे ५४० किलो. खालून गोळ्या आल्या तरी माणूस वाचावा म्हणून. दोन इंजिने मागे, उंचावर बसविली आहेत. त्यामुळे कच्च्या धावपट्टीवरचे दगडगोटे इंजिनात जात नाहीत. एक इंजिन गेले तरी दुसऱ्यावर विमान परत येते. कितीतरी भाग असे आहेत, की उजवीकडचा भाग डावीकडे बसतो. मिस्त्रीचे काम त्यामुळे सोपे होते.

विमानाचे सुकाणू तेलाच्या दाबाने हलते. तो दाब गेला तर? तर वैमानिकाने हाताने ओढायच्या तारा आहेत. विहिरीवरची मोट बैलांशिवाय ओढावी तसे ते कष्टाचे काम. ७ एप्रिल १९०३ असे वाचू नका हं, नीट वाचा: ७ एप्रिल २००३ रोजी इराकमध्ये बगदाद शहरावर किम कॅम्पबेल या महिला वैमानिकाच्या ए-१० ला मार बसला. तेलाचा दाब सगळा गेला. तिने तारांच्या जोरावर सुमारे तासभर विमान चालविले आणि सुखरूप उतरविले. ती आयल्सनची नव्हे, दुसऱ्या तळाची वैमानिक. पण विमान त्याच जातीचे.

आयल्सन तळावर ही विमाने १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आली आणि २००७ पर्यंत राहिली.

७. जमिनीवरची लढाई

इतके मजबूत विमान! त्याला थंडीचे काय? असे तुम्ही म्हणाल. पण थंडी गोळीसारखी आवाज करून येत नाही. ती वाळवीसारखी गुपचूप पोखरते.

रबराचे वायसर कडक होतात आणि नळ्या गळू लागतात. बॅटरी मंदावते. इंधनात पाण्याचा अंश असेल तर त्याचे बर्फ होते, म्हणून इंधनात खास औषध मिसळावे लागते. पंखांवर दहिवर गोठते. वाटते, एवढ्याशा बर्फाने काय होणार? पण विमान पंखांच्या आकारावरच उडते. पंख बर्फाने खरबरीत झाला, की त्याची उचलण्याची ताकद घटते आणि विमान कोसळू शकते. म्हणून उडण्याआधी न गोठणाऱ्या गरम औषधाचे फवारे मारून पंख स्वच्छ करतात.

बेनच्या काळच्या शेगडीच्या जागी आज मोठी यंत्रे आहेत. जाड कापडी नळ्यांतून ती गरम हवा सोडतात. तत्त्व मात्र तेच, आधी ऊब आणि मग काम.

आणि हे सारे करतो कोण? माणूस. उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते. जाड हातमोजे घातले तर बारीक खिळा बोटात येत नाही. म्हणून थोडा वेळ काम, थोडा वेळ उबेला, असे पाळीपाळीने करावे लागते. काम करणाऱ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे असते. नाकावर, गालावर पांढरा डाग दिसला तर समजायचे, हिमदंशाची सुरुवात झाली. ज्याला तो होतो त्याला तो कळत नाही, कारण तो भाग बधिर झालेला असतो. सोबत्यानेच सांगावे लागते, "चल आत."

थंडीचा एक उपकारही आहे बरं का. थंड हवा दाट असते. दाट हवेत पंखांना चांगला आधार मिळतो आणि इंजिनालाही जोर येतो. म्हणजे नीट निगा राखली तर हीच थंडी विमानाला साथ देते.

याच तळावर हवाई दलाची एक खास शाळा आहे. विमान पडून बर्फात एकट्याने राहण्याची वेळ आली, तर आसरा कसा करावा, विस्तव कसा पेटवावा, हे तिथे शिकवितात. गुरुजींच्या नावाच्या तळावर ही शाळा असणे आम्हाला फार शोभून दिसते.

८. शस्त्राची दुसरी बाजू

आता एक कटू गोष्ट. ती न सांगता पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही.

हल्ल्याचे विमान पायदळाला वाचविते, हे खरे. पण ते माणसे मारण्याचे हत्यार आहे, हेही तितकेच खरे. आणि वरून पाहणाऱ्याला आपला कोण, परका कोण, हे दर वेळी नीट कळतेच असे नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या दोन ए-१० विमानांनी आपल्याच बाजूच्या इंग्रज सैन्याच्या गाड्यांवर चुकून मारा केला. त्यात ९ तरुण शिपाई मेले. मारणारे शत्रू नव्हते, मित्र होते. त्यांच्या आयांना काय सांगायचे?

म्हणून सरावाला इतके महत्त्व आहे. अलास्कात जमीन अफाट आहे आणि वस्ती विरळ. तिथे सरावाला भरपूर मोकळी जागा मिळते. देशोदेशींची विमाने सरावासाठी आयल्सनला येतात. २०१६ साली आपल्या भारतीय हवाई दलाची सुखोई-३० आणि जग्वार विमाने तिथे गेली होती. जग्वार हेही हल्ल्याचेच विमान. सुखोई-३० जातीची विमाने आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या कारखान्यात बांधली गेली आहेत. २०२४ साली आपली राफेल विमानेही त्या तळावर जाऊन आली. उष्ण देशातल्या आपल्या मिस्त्र्यांनी तिथल्या तळावर विमानांची निगा राखली, ही अभिमानाचीच गोष्ट.

९. जुने विमान का ठेवायचे?

आयल्सन तळावर एक बाग आहे. तिथे जुनी, कामावरून उतरविलेली विमाने मांडून ठेवली आहेत. त्यांत एक ए-१० आहे. हिवाळ्यात त्याच्या पंखांवर बर्फ साठते. आता ते कोणी झाडायची घाई करीत नाही, कारण त्याला उडायचे नाही.

२०२० च्या एप्रिलपासून तळावर एफ-३५ ही नव्या जातीची विमाने येऊ लागली. २०२२ पर्यंत ती ५४ झाली. मग लोखंडाचा हा जुना सांगाडा कशाला हवा? मोडीत घातला तर पैसे तरी येतील, असे कोणी म्हणेल.

पण आपल्याकडे पाहा. दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो. आजोबांची विळी, जुना नांगराचा फाळ कोणी चटकन भंगारात देत नाही. त्या वस्तूला हात लावला की तो वापरणारे हात आठवतात. जुन्या विमानाचेही तसेच आहे. ते पाहिले की ते उडविणारे आठवतात. ज्यांनी शून्याखाली ४० अंशांत त्याचे वायसर बदलले, ते आठवतात. चुकीने गेलेले जीवही आठवले पाहिजेत.

आणि तळाचे नाव घेताना बेन गुरुजी आठवतात. त्यांच्या विमानात तोफ नव्हती. त्यात पत्रांची पोती होती. ते शेवटचे निघाले ते कोणाला मारायला नव्हे, तर अडकलेल्या माणसांना आणायला. आज त्या तळावर जगातली जबर हत्यारे आहेत. त्या हत्यारांच्या दारावर एका टपाल नेणाऱ्या मास्तराचे नाव लिहिलेले आहे. ते नाव वाचून जाणाऱ्याने क्षणभर थांबावे, एवढेच आमचे म्हणणे.

यंत्र कितीही मोठे असो, ते माणसाच्या निगेवर जगते. आणि हत्यार कितीही नेमके असो, ते धरणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते. थंड देशातल्या एका विमानतळाची ही हकिगत आपण इतक्या दूर बसून वाचली, ती यासाठी. पुढल्या पौषात तेलाची बाटली चुलीपाशी ठेवाल, तेव्हा बेन आणि त्याचा मिस्त्री बोरलँड या दोघांची आठवण ठेवा.

शब्दांचे अर्थ

हिमदंश : अति थंडीने अंगाचा भाग गोठून निकामी होणे.
धावपट्टी : विमान उतरण्याची आणि उडण्याची लांब सडक.
पायदळ : पायी लढणारे सैन्य.
सुकाणू : दिशा बदलण्याचे साधन.

विचार करा आणि सांगा

१. कुत्र्यांच्या गाडीला अठरा-वीस दिवस लागत, ती वाट बेनने किती वेळात कापली?
२. विमान उतरताच वैमानिक इंजिनातले तेल बाहेर का काढीत?
३. पंखावर थोडेसे बर्फ साठले तरी धोका का असतो?
४. हिमदंश झालेल्याला तो स्वतःला का कळत नाही? मग तो कोणी ओळखायचा?
५. तुमच्या घरात किंवा गावात जपून ठेवलेले एखादे जुने अवजार आहे का? ते कोणाचे होते? त्याची हकिगत पाच ओळींत लिहा.